जवळचा क्लब दिल्लीला, दूरचा क्लब घरात

मुदखेड : ऑक्टोबर २०२५ मध्ये हैदराबाद एफसी या फुटबॉल क्लबने हैदराबाद सोडले आणि स्पोर्टिंग क्लब दिल्ली या नव्या नावाने राजधानीत बिऱ्हाड थाटले. मराठवाड्यात या बातमीची फारशी चर्चा झाली नाही, आणि त्यात नवल वाटण्यासारखेही काही नाही. मात्र नकाशा समोर ठेवला तर या स्थलांतराचा अर्थ वेगळा लागतो. सिकंदराबाद-मनमाड लोहमार्गावरील मुदखेड हे आदिलाबादचा फाटा जेथून फुटतो ते जंक्शन. देशातील सर्वोच्च फुटबॉल साखळीत खेळणारा, या गावाला सर्वांत जवळचा क्लब हैदराबादचाच होता. मुंबई त्याच्या दुपटीहून अधिक अंतरावर आहे. याच हैदराबाद संघाने २०२१-२२ च्या हंगामात इंडियन सुपर लीगचे विजेतेपद पटकावले होते. त्यानंतर चार वर्षेही उलटली नाहीत, तोच क्लबने गाव बदलले.

गंमत अशी, की हैदराबादचा हा संघही मुळात दुसऱ्या शहराच्या जागेवर आला होता. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा महाराष्ट्राचे दोन संघ तीत होते : मुंबई सिटी आणि एफसी पुणे सिटी. पुण्याच्या संघात इटलीच्या फिओरेन्टिना या नामांकित क्लबची भागीदारी होती आणि फ्रान्सचा डेव्हिड ट्रेझेगे बालेवाडीत खेळून गेला. २०१९ मध्ये तो क्लब आर्थिक अडचणींत बुडाला आणि त्याच्या रिकाम्या जागी हैदराबाद उभे राहिले. म्हणजे सर्वोच्च साखळीतील एकच जागा सहा वर्षांत पुण्याहून हैदराबादला आणि हैदराबादहून दिल्लीला गेली. पुण्याच्या मैदानावर केशरी-जांभळे शर्ट घालून जाणाऱ्या प्रेक्षकांचे पुढे काय झाले, हे कोणी विचारले नाही.

ते प्रेक्षक बहुधा रात्री जागत असतील. चॅम्पियन्स लीगचे बहुतेक सामने युरोपच्या घड्याळानुसार रात्री नऊला सुरू होतात. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्रीचे साडेबारा वाजलेले असतात, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस तिकडची घड्याळे एक तास मागे गेली की दीड. सामना संपेपर्यंत दूधवाल्याची वेळ जवळ येते. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे शनिवारचे सामने त्या मानाने सोयीचे : तिकडचे दुपारचे तीन म्हणजे आपल्याकडचे सायंकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. यातली एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. मैदानावरील गर्दी घटू नये म्हणून इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत सामन्यांचे थेट प्रक्षेपण न करण्याचा नियम १९६० च्या दशकापासून पाळला जातो. त्यामुळे मँचेस्टरमधल्या माणसाला जो सामना घरबसल्या पाहता येत नाही, तो मुदखेडमधला तरुण मोबाईलवर विनासायास पाहू शकतो. मैदानाशेजारी राहणाऱ्याने तिकीट काढावे म्हणून त्याच्यावर बंधन. हजारो कोस दूर राहणारा तिकीट काढण्याची शक्यताच नसल्याने त्याला मोकळीक.

मराठी प्रेक्षकाची युरोपीय फुटबॉलशी ओळख तशी जुनी नाही. १९८६ च्या मेक्सिको विश्वचषकात दूरदर्शनने मॅराडोना घराघरांत पोहोचवला; पण तो देशांचा फुटबॉल होता आणि चार वर्षांतून एकदा येणारा होता. क्लबांचा फुटबॉल आला तो नव्वदच्या दशकात, केबल वाहिन्यांबरोबर. ईएसपीएन आणि स्टार स्पोर्ट्सवर दर शनिवार-रविवारी ओल्ड ट्रॅफर्ड, हायबरी, अ‍ॅनफिल्ड ही नावे कानांवर पडू लागली. तोवर हा शौक मुंबई-पुण्यापुरता आणि ज्यांच्याकडे केबल आहे त्यांच्यापुरता होता. २०१६ नंतर मोबाईलवरील डेटा स्वस्त झाला आणि तालुक्याच्या गावांची अडचण संपली. आज मुंबई-पुण्यात आर्सेनल, मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल यांची समर्थक मंडळे एकत्र जमून सामने पाहतात. मुदखेड, भोकर, उमरी अशा गावांत तसा गोतावळा जमण्याची शक्यता कमीच. तिथला चाहता कानांत इअरफोन घालून, घरच्यांची झोप न मोडता, एकटाच ओरडणे गिळतो.

हा चाहता युरोपकडे का वळला, याचे ठरलेले उत्तर म्हणजे तिकडच्या खेळाचा दर्जा. ते खोटे नाही, पण पुरेसेही नाही. दर्जा हेच एकमेव कारण असते तर दर मोसमात जो संघ सर्वोत्तम खेळतो त्याच्यामागे सारे गेले असते. प्रत्यक्षात आपल्याकडेही असे असंख्य चाहते आहेत, ज्यांनी २०१३ नंतर एकदाही लीग न जिंकलेल्या मँचेस्टर युनायटेडची साथ सोडलेली नाही. २०२४-२५ मध्ये हा संघ पंधराव्या क्रमांकावर घसरला. टॉटनहॅम सतराव्या क्रमांकावर राहिला, आणि तरीही २१ मे २०२५ रोजी बिलबाओत युनायटेडला १-० असे हरवून त्याने युरोपा लीग जिंकली. लीगमध्ये जवळजवळ तळाला गेलेल्या दोन संघांची ती अंतिम लढत पाहायला आपल्याकडे लोक जागे राहिले. दर्जासाठी नक्कीच नव्हे. आपला संघ पुढच्या वर्षीही असणार, तिथेच असणार आणि त्याच नावाने असणार, ही खात्री त्या जागरणामागे होती. महाराष्ट्रातल्या फुटबॉलशौकिनाला गेल्या पंधरा-वीस वर्षांत न मिळालेली गोष्ट नेमकी हीच आहे.

यादी काढली तर ती बरीच लांबते. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकणारा मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. मुंबई एफसी दहा वर्षे खेळून २०१७ मध्ये मैदानाबाहेर गेला. पुणे एफसीने नाव कमावले आणि तोही पडद्याआड गेला. लिव्हरपूलच्या सहकार्याने पुण्यात अकादमी चालवणारा डीएसके शिवाजियन्स २०१७ नंतर दिसला नाही. त्यापाठोपाठ एफसी पुणे सिटी. यांतला एकही संघ केवळ वाईट खेळला म्हणून संपला नाही. मालकाचा धंदा बसला, उत्साह ओसरला किंवा साखळीचे गणित बदलले, आणि क्लबचे दार लागले. अशा वेळी चाहत्याने शर्ट कपाटात ठेवायचा आणि दुसऱ्या संघाचा शोध घ्यायचा, एवढेच त्याच्या हाती उरते. दोनदा असे झाल्यावर तिसऱ्यांदा तो मँचेस्टर किंवा माद्रिदच निवडणार.

मालकांचा हा प्रश्न केवळ भारतीय आहे असे समजण्याचे कारण नाही. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण एका मराठी शहराशीच जोडलेले आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये कुक्कुटपालन व्यवसायातील पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाने इंग्लंडचा ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब विकत घेतला. १८७५ मध्ये स्थापन झालेला, १८८८ च्या पहिल्यावहिल्या फुटबॉल लीगचा संस्थापक सदस्य आणि १९९४-९५ चा प्रीमियर लीग विजेता असा हा क्लब. नव्या मालकांनी महिनाभरातच अनुभवी प्रशिक्षक सॅम अ‍ॅलरडाइस यांना दूर केले आणि स्टीव्ह कीन यांच्याकडे संघ सोपवला. ऑक्टोबर २०११ मध्ये रोव्हर्सचा संघ पुण्यात येऊन पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळला, तेव्हा इकडे कौतुक होते आणि तिकडे संताप. ७ मे २०१२ रोजी विगनकडून घरच्या मैदानावर पराभूत होऊन संघाची प्रीमियर लीगमधून पदावनती झाली. त्या सामन्यात प्रेक्षकांनी क्लबचा ध्वज पांघरलेली एक कोंबडी मैदानात सोडली होती. मालकांच्या व्यवसायावरचे हे भाष्य जगभर दिसले. पुढे २०१७ मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीत घसरला, वर्षभरात दुसऱ्या श्रेणीत परतला. प्रीमियर लीग मात्र २०१२ नंतर त्याला दिसली नाही. मालकांनी वर्षानुवर्षे तोटा भरून काढला, हेही नमूद करायला हवे. अलीकडे तर क्लबकडे पैसा पाठवण्यासाठी त्यांना दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली.

या कहाणीत पुणेकर मालक चुकले की नाही, याचा निवाडा ब्लॅकबर्नच्या लोकांनी केव्हाच केला आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची बाब निराळी आहे. पंधरा वर्षांच्या या पडझडीत रोव्हर्स हा क्लब ब्लॅकबर्नहून हलला नाही. तो इवूड पार्कवरच खेळतो, निळे-पांढरे अर्धे-अर्धे शर्ट घालूनच खेळतो. त्याला वरून खाली ढकलण्यात आले, पण मिटवण्यात आले नाही. पदावनती ही त्या व्यवस्थेतील शिक्षा. आपल्याकडे थेट विसर्जन. इंडियन सुपर लीगमध्ये २०२३ पासून खालच्या साखळीतून पंजाब, मोहमेडन असे संघ बढतीने आले खरे, परंतु २०२४-२५ च्या हंगामापर्यंत एकाही संघाला खाली जावे लागले नव्हते. शेवटचा क्रमांक येऊनही जागा शाबूत असते, आणि पहिला क्रमांक येऊनही उद्या संघ दुसऱ्या गावाला जाऊ शकतो!

इंग्लंडमध्ये क्लब गाव सोडतच नाहीत असे मात्र नव्हे. १९८८ मध्ये एफए कप जिंकणाऱ्या विम्बल्डनला २००२ मध्ये स्थलांतराची मुभा मिळाली आणि पुढच्याच वर्षी तो संघ लंडनपासून दूर मिल्टन कीन्सला गेला. चिडलेल्या चाहत्यांनी स्वतःच एएफसी विम्बल्डन हा क्लब काढला, अगदी खालच्या साखळीपासून सुरुवात केली, २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळवला आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या मैदानाजवळच नवे मैदान उभारले. पुण्याच्या चाहत्यांनी असे का केले नाही, असे विचारणे सोपे आहे. त्यांना चढायला शिडी कुठे होती? इंग्लंडमध्ये गल्लीतल्या संघापासून प्रीमियर लीगपर्यंत एकच सलग उतरंड आहे. आपल्याकडे ती मधल्या मधे तुटलेली आहे.

चषक स्पर्धांची खरी मौज याच उतरंडीतून येते. साखळी म्हणजे दहा महिन्यांचा हिशेब. तिथे अखेरीस पैसा आणि मोठा संघ वरचढ ठरतो. चषकात एका दुपारचा खेळ पुरतो. ऑगस्ट २०२५ मध्ये चौथ्या श्रेणीतील ग्रिम्सबी टाऊनने लीग कपमध्ये मँचेस्टर युनायटेडला पेनल्टी शूटआऊटमध्ये १२-११ असे बाद केले. १७ मे २०२५ रोजी क्रिस्टल पॅलेसने मँचेस्टर सिटीला १-० ने नमवून एफए कप जिंकला. क्लबच्या इतिहासातील हा पहिला मोठा करंडक. आठ महिन्यांनी, १० जानेवारी २०२६ रोजी, याच गतविजेत्यांना सहाव्या श्रेणीतील मॅकल्सफिल्डने २-१ असे घरी पाठवले. मॅकल्सफिल्डचा जुना क्लब २०२० मध्ये कर्जापायी न्यायालयाच्या आदेशाने मोडीत निघाला होता. त्याच गावात, त्याच मैदानावर नवा क्लब उभा राहिला आणि सहा वर्षांच्या आत त्याने एफए कपच्या मानकऱ्यांना हरवले. आपल्याकडच्या चाहत्याला हा निकाल सुखावून गेला असेल तर तो केवळ अनपेक्षित होता म्हणून नव्हे. मेलेला क्लब परत येऊ शकतो, हे त्याने पाहिले.

अशा निकालांना जागाच उरू नये, असा प्रयत्न एकदा झाला होता. १८ एप्रिल २०२१ रोजी इंग्लंड, स्पेन व इटलीतील बारा बड्या क्लबांनी युरोपियन सुपर लीगची घोषणा केली. संस्थापक क्लबांना कायमचे स्थान आणि पदावनतीची भीती नाही, असा तिचा आराखडा होता. त्या दिवसांत ब्रिटिश माध्यमांतून एक शब्दप्रयोग गाजला : क्लबांच्या लेखी गावातले परंपरागत समर्थक म्हणजे 'वारशाचे चाहते', तर जगभरातील दूरचित्रवाणीचे प्रेक्षक म्हणजे 'भविष्यातले चाहते'. मुदखेडचा तरुण दुसऱ्या गटात मोडतो. त्याच्यासाठी म्हणून आखलेली ही स्पर्धा पहिल्या गटाने रस्त्यावर उतरून दोन दिवसांत उधळली आणि इंग्लंडचे सहाही क्लब माघारी फिरले. दूरच्या चाहत्याला त्यात मत नव्हते. त्याला मत विचारले असते, तर तो कोणत्या बाजूला उभा राहिला असता, याचे उत्तर वाटते तितके अवघड नाही. बंदिस्त साखळी म्हणजे काय, हे त्याने पुणे आणि हैदराबादच्या रूपाने घराजवळ पाहिले आहे.

युरोपीय भांडवलाचा थेट अनुभवही महाराष्ट्राने घेतला. मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. क्रीडादृष्ट्या त्याचे फळ मिळाले : २०२०-२१ मध्ये साखळीतील अव्वल स्थान व विजेतेपद दोन्ही, २०२२-२३ मध्ये पुन्हा अव्वल स्थान, २०२३-२४ मध्ये पुन्हा विजेतेपद. एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मानही मुंबईला मिळाला. ६ नोव्हेंबर २०२३ रोजी नवी मुंबईत सौदी अरेबियाचा अल हिलाल खेळायला आला तेव्हा स्टेडियम गजबजले. नेमारच्या ओढीने तिकिटे काढणारेही त्यात होते. तो जखमी असल्याने आलाच नाही, हा भाग निराळा. मात्र डिसेंबर २०२५ मध्ये सिटी ग्रुपने हिस्सा सोडला आणि काढता पाय घेतला.

तो महिनाच विलक्षण होता. ८ डिसेंबरला भारतीय फुटबॉल महासंघाचा व्यावसायिक भागीदाराशी असलेला पंधरा वर्षांचा करार संपला आणि साखळीचा हंगाम कधी सुरू होणार, हे खेळाडूंनाही ठाऊक नव्हते. १४ डिसेंबरला लिओनेल मेस्सी वानखेडेवर आला, सचिन तेंडुलकरला भेटला, आणि हजारो रुपयांची तिकिटे काढून लोकांनी त्याला हात हलवताना पाहिले. त्याच व्यासपीठावर राज्य सरकारच्या 'प्रोजेक्ट महादेवा' या बालफुटबॉलपटू घडवण्याच्या योजनेचा गाजावाजा झाला. मुले घडतीलही, ती मोठी होऊन खेळणार कोणत्या क्लबकडून, हे सांगायला मात्र त्या आठवड्यात कोणाकडे काही नव्हते. साखळी अखेर फेब्रुवारी २०२६ मध्ये आखूड स्वरूपात सुरू झाली.

मराठवाड्याच्या बाबतीत एक जुना संदर्भ येथे आठवतो. मुंबईच्या कूपरेज मैदानावर १८९१ पासून रोव्हर्स चषक स्पर्धा खेळली जाई. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे ती हैदराबाद सिटी पोलिसांनी जिंकली. त्यांचे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम, ज्यांच्या मार्गदर्शनाखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ मध्ये जकार्तात आशियाई सुवर्णपदक जिंकला. त्या पाच वर्षांत नांदेड जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. म्हणजे मुंबई गाजवणारा तो संघ मुदखेडकरांच्याच राजधानीचा होता. १९५६ मध्ये राज्याची सरहद्द बदलली, पोलिसांच्या त्या संघाची रया गेली आणि रोव्हर्स चषकही २०००-०१ नंतर भरला नाही. नांदेडमध्ये गुरु गोबिंदसिंगजींच्या नावाची अखिल भारतीय हॉकी स्पर्धा मात्र अनेक दशके भरत आली आहे, आणि हॉकी देशभर मागे पडत असताना या शहरात तिला प्रेक्षक मिळत राहिला. स्पर्धा टिकली की प्रेक्षक टिकतो, याला वेगळा पुरावा नको.

फुटबॉलमध्ये तो पुरावा हवा असेल तर कोल्हापूरला जावे लागेल. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी ही तिथली नावे. कुस्तीच्या तालमी आणि पेठांची मंडळे हेच तिथले क्लब. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची वरिष्ठ गटाची साखळी आणि तिच्यामागोमाग येणाऱ्या चषक स्पर्धा, अशी युरोपच्या धर्तीची रचना तिथे विनासायास नांदते. राजर्षी शाहू स्टेडियममध्ये बड्या लढतीला बसायला जागा मिळत नाही. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा. तो पुढे प्रशिक्षणासाठी ब्लॅकबर्नलाही जाऊन आला. कोल्हापुरात सारे आलबेल आहे असे नाही. समर्थकांच्या हुल्लडबाजीपायी सामने थांबवण्याचे प्रसंग तिथे आले आहेत, आणि पेठेची ईर्ष्या कधी कधी खेळाच्या डोक्यावर बसते. तरीही विश्वचषकाच्या दिवसांत अर्जेंटिना-ब्राझीलचे फलक लावणारा, रात्री बार्सिलोनासाठी जागणारा कोल्हापूरकर दुसऱ्या दिवशी दुपारी आपल्या तालमीच्या सामन्याला उन्हात हजर असतो. युरोपच्या प्रेमाने त्याचे घरचे प्रेम कमी केलेले नाही. तालीम उद्या इचलकरंजीला हलवली जाईल, अशी शंका त्याला शिवतही नाही.

म्हणूनच युरोपीय फुटबॉल पाहणाऱ्या तरुणांना 'परक्यांच्या नादी लागलेले' म्हणून हिणवण्याची जी सवय क्रीडा संघटकांना लागली आहे, ती गैरलागू ठरते. हे चाहते फुटबॉलसाठी झोप मोडायला तयार आहेत. महाराष्ट्राच्या छत्तीस जिल्ह्यांपैकी किती ठिकाणी त्यांना दरवर्षी त्याच महिन्यांत, त्याच मैदानावर, त्याच नावांचे संघ पाहायला मिळतात? जिल्हा साखळी नियमित भरवायला मेस्सीला आणण्याइतका पैसा लागत नाही. लागते ती तारखा पाळण्याची शिस्त आणि जिल्ह्यातून राज्याच्या आणि राज्यातून देशाच्या साखळीकडे जाणारी, दरवर्षी उघडी राहणारी वाट.

युरोपचे आयोजक दरम्यान आपल्या सोयीचा विचार करू लागले आहेत. २०२४-२५ पासून चॅम्पियन्स लीगमध्ये बत्तीसऐवजी छत्तीस क्लब आले आणि सामन्यांची संख्या १२५ वरून १८९ वर गेली. म्हणजे जागरणे वाढली. पण २०२६ पासून अंतिम सामना रात्री नऊऐवजी सायंकाळी सहाला सुरू करण्याचा निर्णय युरोपीय महासंघाने जाहीर केला. कुटुंबांना मैदानावरून वेळेत घरी परतता यावे, हे त्याचे दिलेले कारण. भारतीय घड्याळात ती वेळ रात्री साडेनऊची येते. मुदखेडमधल्या चाहत्याला वर्षातला सर्वांत मोठा क्लब सामना आता जेवण आटोपून, घरच्यांसोबत, मोठ्या पडद्यावर आणि इअरफोनशिवाय पाहता येईल.